भिंतीवरचे नाव

भित्तिचित्र म्हटले की मराठी रसिकाच्या मनात प्रथम अजिंठा येतो. यात वावगे काही नाही. परंतु या एका थोर उदाहरणाने मराठी कलाविचाराला एक सवय लावून ठेवली आहे, आणि रस्त्यावरच्या भित्तिचित्राच्या बाबतीत ती सवय अडचणीची ठरते. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंत कोणाची हा प्रश्न आता उरलेला नाही. दाता, भिक्षुसंघ आणि चितारी यांचे परस्परसंबंध पंधरा शतकांमागे मिटले. समोर राहिले आहे ते रंगरेषांचे विश्व. समीक्षक तेथे भिंतीला कोरा पृष्ठभाग मानून चालतो आणि त्याचे फारसे बिघडत नाही. रस्त्यावरची भिंत मात्र कधीच कोरी नसते. ती कोणाच्या तरी मालकीची असते. तिच्यापुढून चालण्याचा हक्क कोणाला तरी कधी काळी नाकारलेला असतो. तिच्यावर काय लिहावे आणि काय पुसावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती असतो. वंशभेदाविरुद्ध आणि जातिभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळींनी भिंतींवर जे निर्माण केले, त्यातील पहिली रेघ रंगाची नसून या अधिकाराची असते. ती रेघ ज्या समीक्षेला दिसत नाही, ती उरलेल्या चित्राविषयीही बहुधा चुकीचेच बोलते.

हा प्रश्न उमजून घेण्यासाठी रायपूरच्या बूढापाऱ्यासारखी जागा सोयीची आहे. छत्तीसगडच्या राजधानीतील ही जुनी वस्ती बूढा तालाबाच्या काठची. तलावाचे नाव गोंडांच्या बूढादेवाशी जोडले जाते. पुढे त्याला विवेकानंद सरोवर हे अधिकृत नाव मिळाले आणि पाण्याच्या मध्यभागी विवेकानंदांची भव्य मूर्ती बसली. त्या नावालाही आधार आहे: लहानगा नरेंद्र १८७७ मध्ये आपल्या कुटुंबासह रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे याच बूढापाऱ्यात राहिला. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही येथेच आहे. (दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या या मराठी माणसाला हिंदी साहित्याने जितके जपले तितके मराठीने जपले नाही, हे जाता जाता नोंदविण्यास हरकत नाही.) आणि याच तळ्याकाठी कित्येक वर्षे रायपूरचे धरणेस्थळ होते. राज्यभरातून आपापल्या मागण्या घेऊन लोक येत, तंबू ठोकीत, कापडी फलक बांधीत. नंतर प्रशासनाने ते धरणेस्थळ शहरापासून दूर, नवा रायपुरातील तूता येथे हलविले. म्हणजे एकाच तळ्याच्या काठी तीन प्रकारची नावे लिहिली गेली: लोकपरंपरेने दिलेले, शासनाने दिलेले, आणि मागणी घेऊन आलेल्यांनी काही दिवसांपुरते कापडावर रंगविलेले. पहिली दोन आपापल्या जागी राहिली. तिसरे हलविता आले, कारण ते कापडावर होते. भिंत आणि कापड यांतील फरक येथे केवळ माध्यमाचा राहत नाही.

बूढापाऱ्यात वाढलेला हा मुलगा १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बोलला. अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडताना लोकांनी त्यांना कृष्णवर्णीय समजून अपमानित केले, तरी ‘मी त्यांच्यापैकी नव्हे’ असे सांगून सुटका करून घेणे विवेकानंदांनी नाकारले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच शिकागो शहराच्या दक्षिण भागात, चौऱ्याहत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये, एका मोडकळीस आलेल्या इमारतीच्या बाजूवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ म्हणजे आदराची भिंत रंगविली गेली. आधुनिक चळवळीच्या भित्तिचित्रांची परंपरा सांगताना तिच्यापासूनच आरंभ करण्याची रीत आहे आणि ती योग्य आहे. विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल प्रभृती कृष्णवर्णीय चित्रकारांनी छायाचित्रकार व कवी यांना सोबत घेऊन पन्नासांहून अधिक व्यक्तींची चित्रे येथे मांडली. संगीत, रंगभूमी, क्रीडा, साहित्य, धर्म, राजकारण असे विभाग पाडले होते. ग्वेंडोलिन ब्रुक्स या कवयित्रीने या भिंतीवर कविता लिहिली.

या भिंतीची कलादृष्ट्या सर्वांत महत्त्वाची घटना मात्र कोणत्याही एका चित्रात सापडत नाही. मॅल्कम एक्स भिंतीवर आले आणि मार्टिन ल्यूथर किंग आले नाहीत. त्यांचा मार्ग या चित्रकारांना फार मवाळ वाटला. राजकीय पुढाऱ्यांचा विभाग एकदा रंगवून झाल्यावर पुन्हा पांढरा फासून दुसऱ्या हाताने नव्याने रंगविला गेला, आणि त्यावरून चित्रकारांत कडू वाद झाला. रूढ समीक्षा या घटनेला कलाबाह्य भांडण म्हणेल. वस्तुतः त्या भिंतीची रचना म्हणजे हे भांडणच होय. कोण वर, कोण खाली, कोण मुळीच नाही, या निवडीतून तिचा अर्थ घडला. रंगसंगती त्यामागून आली. पुढे इमारत पाडण्याचा बेत पुढे आला तेव्हा वस्तीने विरोध केला. १९७१ मध्ये आग लागली आणि भिंत गेली. चार वर्षांचे आयुष्य! एखाद्या शिल्पकृतीच्या मानाने हे आयुष्य म्हणजे काहीच नव्हे. पण या चार वर्षांनंतर अमेरिकेतील शहराशहरांतून अशा भिंती उभ्या राहिल्या.

मराठी वाचकाने या इतिहासाकडे परकेपणाने पाहावे असे काही नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाविषयी चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती नावासकट अमेरिकेकडे बोट दाखवीत. तथापि या नात्याचा उत्साह विचाराला आंधळे करणारा ठरू नये. जात आणि वंश एक नव्हेत, हे प्रथम ठासून सांगणाऱ्यांत आंबेडकर स्वतःच होते. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेची वांशिक उपपत्ती स्पष्टपणे फेटाळली. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न घ्यावा की नाही यावर जो वाद झाला, त्याच्या तळाशी हाच पेच होता. कातडीचा रंग डोळ्यांना दिसतो. जात दिसत नाही, ती विचारावी लागते, नावावरून ओळखावी लागते. म्हणूनच कदाचित अमेरिकेतील भिंतीने चेहरा रंगविला, आणि छत्तीसगडच्या भिंतीने नाव लिहिले.

हे नाव लिहिणारे लोक म्हणजे महानदीच्या दोन्ही काठांवरचे रामनामी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम नावाच्या पुरुषापासून हा पंथ सुरू झाला असे मानतात. अनुयायी बहुतांशी अस्पृश्य ठरविलेल्या चर्मकार जातीतले, ज्यांच्यात गुरू घासीदासांचा सतनामी पंथ आधीपासून रुजलेला होता. देवळाची दारे त्यांना बंद होती. त्यांनी देऊळ बांधले नाही आणि मूर्तीही बसविली नाही. ‘राम’ ही दोन अक्षरे त्यांनी अंगावर गोंदवून घेतली, कोणी कपाळावर, कोणी छातीवर, कोणी नखशिखान्त पापण्यांसकट. तीच अक्षरे पांढऱ्या ओढणीवर लिहिली, घराच्या भिंतींवर लिहिली, आणि वार्षिक भजनमेळ्यात जो पांढरा स्तंभ मध्ये असतो त्यावरही लिहिली. मेळा एका वर्षी नदीच्या अलीकडे, दुसऱ्या वर्षी पलीकडे भरतो. त्यात मोरपिसांचा मुकुट घातलेले वृद्ध स्त्रीपुरुष पायांत घुंगरू बांधून भजन करतात.

येथे मराठी वाचकाला नाशिक आठवल्यावाचून राहणार नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला आणि दार उघडले नाही. तेथेही राम, येथेही राम. नाशिकच्या सत्याग्रहाने मंदिराची भिंत ओलांडण्याचा हक्क मागितला. रामनाम्यांनी त्याच्या कित्येक वर्षे आधी, कोणाकडे काही न मागता, स्वतःच्या भिंतीला मंदिराचे काम दिले. आता देवळात कोणी जाऊ दिले काय आणि न दिले काय! हा निषेध मूक आहे, पण दुर्बळ नाही. पुजाऱ्याच्या हाती जी एकच सत्ता होती, म्हणजे देव आणि भक्त यांमधले अंतर राखण्याची, ती या अक्षरांनी निरुपयोगी करून टाकली. अस्पृश्याच्या कातडीवर देवाचे नाव लिहिले गेल्यावर ‘शिवू नकोस’ हा शब्द उच्चारणाऱ्याची जी पंचाईत होते, तिची कल्पना करण्यासारखी आहे.

मराठी मध्यमवर्गीय घरांतही लिखित जपाची चाल आहे. रामनामाच्या वह्या भरल्या जातात, मोजल्या जातात, देवघरात ठेवल्या जातात. अक्षरे तीच, पुनरावृत्ती तीच; तरी वही आणि रामनाम्याची भिंत यांत साम्य फार थोडे. वही मिटता येते. ती लिहिणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब आहे आणि तो खाजगी आहे. भिंत मिटता येत नाही. जो गावकरी त्या माणसाला वाटेवरून बाजूला सरायला सांगत होता, त्यालाच ती येताजाता वाचावी लागते. वाचकाची निवड लेखकाने केलेली नाही, ती रस्त्याने केली. आणि कोणत्याही भित्तिलेखनाचे बळ येथेच असते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीची संगती लावली. त्या मापाने पाहिले तर रामनाम्याची भिंत प्रथमदर्शनी दरिद्रीच ठरेल: संवाद आहे, आणि संवादाशिवाय काहीच नाही. एक शब्द, पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच. परंतु माप बरोबर असूनही मोजण्याची वस्तू अपुरी घेतली की उत्तर चुकते. विरोध त्या भिंतीच्या आत नाही, भिंत आणि गाव यांच्यामध्ये आहे. जो शब्द ज्या तोंडाने उच्चारू नये असे ठरले होते, तो त्याच तोंडाच्या घरावर लिहिलेला आहे. हा विरोध चौकटीबाहेरचा म्हणून वगळला की कलाकृती अर्धीच हाती उरते. शिवाय हाताने लिहिलेली दोन अक्षरे दुसऱ्यांदा तशीच येत नाहीत. एक ओळ चढते, एक उतरते, मातीच्या खडबडीत पृष्ठभागावर काना वाकतो, सांध्यापाशी ‘म’ दबतो. गोंदणात तर अंगाचा उतार, सुरकुती, वय हे सगळे अक्षराच्या आकारात शिरते. हे वैविध्य कोणी योजलेले नसते. पण कलेत योजनेबाहेरचे काही मोलाचे नसते असे म्हणण्याचे धाडस आज कोण करील?

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. आंबेडकरी विचाराच्या बाजूने विचारता येईल की, ज्या धर्मव्यवस्थेने यांना बाहेर ठेवले, तिच्याच देवाचे नाव अंगभर मिरविणे हा विद्रोह कसा? नाशिकच्या अनुभवानंतर १९३५ मध्ये येवल्याला जी घोषणा झाली तिचा मार्ग सरळ होता: घर सोडणे. रामनाम्यांनी घर सोडले नाही. रामदास लँब या अभ्यासकाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पंथाचा जो परिचय दिला आहे, त्यातील एक गोष्ट येथे निर्णायक वाटते. रामनामी तुळसीदासांच्या रामचरितमानसातील ओव्या गातात, पण सगळ्या गात नाहीत. ज्यांत ब्राह्मणाचे माहात्म्य किंवा शूद्राचा व स्त्रीचा अवमान आहे त्या टाळतात, आपल्या निर्गुण रामाला मानवणाऱ्या निवडतात, आणि काही बाहेरूनही आणून मिळवितात. म्हणजे अक्षरओळखही नाकारल्या गेलेल्या समाजाने एका अभिजात ग्रंथाची स्वतःची संहिता सिद्ध केली. हे संपादन आहे, आणि समीक्षाही आहे. भिंतीवरचा शब्द याच संपादनाचा शेवटचा टप्पा मानावा लागतो: राजा गेला, कथा गेली, वर्णव्यवस्था गेली, अयोध्या गेली; उरले फक्त नाव. तरीसुद्धा आक्षेप पुरता निवारला जात नाही, हे मान्य केले पाहिजे. शिकागोच्या भिंतीने आपले नायक स्वतः निवडले, आणि कोणाला वगळायचे यावर आपसांत भांडण करण्याचे धैर्य दाखविले. रामनाम्याच्या भिंतीवर अन्याय करणाऱ्याचे नाव कोठेच नाही. तिचा संयम ही तिची शोभा आहे. तीच तिची मर्यादाही आहे.

महाराष्ट्रातील वस्त्यांच्या तोंडाशी, समाजमंदिरांवर, चाळींच्या बाजूंवर रंगविलेली आंबेडकरांची प्रतिमा ही या दोन्ही परंपरांच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. शिष्ट रसिक तिला साचेबंद म्हणून बाजूला सारतो: तोच निळा कोट, तोच चष्मा, तेच पुस्तक, तोच उंचावलेला हात. आक्षेप खरा आहे आणि तरी गैरलागू आहे. कोट रंगवायचा, कारण अस्पृश्याने काय नेसावे हे दुसऱ्याने ठरविले होते. पुस्तक रंगवायचे, कारण अक्षर नाकारले होते. प्रत्येक खूण एका मनाईला दिलेले उत्तर आहे, आणि जोपर्यंत मनाई ठाऊक आहे तोपर्यंत खूण बदलण्याचे कारण नाही. पाट्या रंगविणाऱ्या कारागिराला चेहरा नीट साधला नाही तरी चित्र ओळखू येते. मात्र या समर्थनालाही सीमा आहे. अलीकडे हाताने रंगविलेल्या भिंतीची जागा यंत्रावर छापलेल्या फ्लेक्सने घेतली आहे. तेथे प्रतिमा अधिक बिनचूक असते, आणि तिच्याभोवती पुढाऱ्यांची छायाचित्रे दाटीवाटीने बसतात. ही पुनरावृत्ती नव्हे, ही नक्कल होय. पुनरावृत्तीत प्रत्येक वेळी कोणीतरी शिडीवर चढलेला असतो.

हाच भेद अमेरिकेत अगदी उघडपणे दिसून आला. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मरण पावले. काही दिवसांतच, जेथे ते गेले त्या दुकानाच्या भिंतीवर तीन चित्रकारांनी इतरांच्या मदतीने त्यांची प्रतिमा रंगविली. मागे सूर्यफूल, आणि फुलाच्या गाभ्यात पोलिसांकडून मारल्या गेलेल्या इतर कृष्णवर्णीयांची नावे. ५ जून रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे, ही अक्षरे पिवळ्या रंगात रस्त्याच्या रुंदीभर उमटली. ती नगरप्रशासनाने काढविली होती. लगेच चळवळीतल्या लोकांनी त्याच रंगात शेजारी दुसरी ओळ जोडली, पोलिसांचा निधी काढून घ्या अशी. पहिल्या ओळीत भावना होती, दुसऱ्या ओळीत मागणी. पहिली ओळ शासनाला लिहिता आली, दुसरी येणे शक्य नव्हते. मार्च २०२५ मध्ये पहिली ओळही त्याच नगरप्रशासनाने, वरच्या सत्तेच्या दडपणाखाली, खणून काढली. शासनाने दिलेली भिंत शासन परत घेते. बूढापाऱ्यातून धरणेस्थळ उठले तेव्हा याहून वेगळे काही घडले नव्हते. आपल्याकडे शहरांच्या सुशोभनासाठी पुलांच्या खांबांवर आणि कुंपणांच्या भिंतींवर जी लोकनृत्ये, जे वाघ आणि जे महापुरुष रंगविले जातात, त्यांविषयी निराळे लिहिण्याची गरज नाही.

पुसले जाण्याचा प्रश्न छत्तीसगडात किती जिवंत आहे हे मे २०२४ मध्ये दिसले. गिरौदपुरीजवळ सतनाम्यांच्या जैतखामाची, म्हणजे पांढऱ्या ध्वजस्तंभाची, मोडतोड झाली. १० जून रोजी बलौदाबाजारला निदर्शनांचे पर्यवसान जाळपोळीत होऊन जिल्हाधिकारी कार्यालयाची इमारत पेटली. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही. पण एका साध्या, चित्रविरहित, पांढऱ्या खांबात एवढा अर्थ साठलेला असू शकतो हे ज्याला कळत नाही, त्याला या प्रदेशातील कोणत्याही भिंतीचे वाचन करता येणार नाही. घासीदासांच्या शिकवणीत मूर्तीला स्थान नव्हते. खांब पांढरा आहे तो रिकामा म्हणून नव्हे. चित्र मुद्दाम नाकारले म्हणून.

रामनाम्यांतील तरुण आता गोंदवून घेत नाहीत. कामासाठी शहरात जावे लागते, आणि कपाळावरची अक्षरे तेथे जात सांगतात. जी खूण जातीवर मात करण्यासाठी होती तीच जातीची खूण ठरते. नखशिखान्त गोंदलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत आहेत, आणि छायाचित्रकारांची त्यांच्याकडे रीघ लागते. या छायाचित्रांत भिंत बहुधा पार्श्वभूमी म्हणून येते, अंधूक, चेहऱ्याच्या मागे. तिच्याकडे कोणी भिंग रोखलेले नाही. मातीची भिंत दरवर्षी पावसाळ्यानंतर सारवावी लागते, छुहीचा पांढरा हात फिरवावा लागतो, आणि त्याखाली गेल्या वर्षीचे नाव जाते. ते पुन्हा लिहायचे तर घरातल्या कोणीतरी लिहावे लागते. अंग गोंदविण्यास नकार देणारा नातू भिंतीवर लिहिण्यासही नकार देतो की नाही, आणि सिमेंटच्या घरात तो काय लिहितो, ही नोंद अजून कोणत्याही कलासमीक्षेत झालेली नाही.